तन्मणीचं खोड आणि तीन मोती



आपल्या धर्मात रत्नांना काही तोटा नाही. सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य यांना आपण रत्नत्रयच म्हणतो. त्रिशलामातेची स्वप्नं कोणी चौदा मोजतं, कोणी सोळा, पण रत्नांची रास दोन्हीकडे आहे. मूडबिद्रीला जाऊन आलेली बाई तिथल्या रत्नांच्या जिनप्रतिमांबद्दल पुढची दोन वर्षं बोलत असते. पण आपल्याच डब्यातला एखादा खडा मंद दिसायला लागला, तर तो कसा बसवलाय, त्याच्या मागे काय आहे, तो दुरुस्त होतो का, हे आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल? आपण सोनाराच्या हातात देतो आणि तो म्हणेल त्याला मान डोलावतो.

गेल्या वर्षी आमच्या घरात एका तन्मणीवरून तीन पिढ्यांत बरीच बोलाचाली झाली. त्या निमित्ताने मी खूप काही विचारलं, वाचलं, पाहिलं. तेच आज लिहिते आहे. तुमच्याही डब्यात असं काही असणारच.

आधी आमच्याबद्दल दोन शब्द, नव्या वाचणारणींसाठी. आमचं मूळ सांगलीकडचं. यांची नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत झाली, म्हणून आम्ही बोईसरला आलो, आणि निवृत्तीनंतर माकुणसारला वाडीच्या कडेला घर बांधलं. एका बाजूला सफाळे, एका बाजूला केळवे, मागे खाडी. हवा चांगली पण दमट, पापड दोन वेळा वाळवावे लागतात. ही दमट हवा पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगितली. सासूबाई आमच्याबरोबरच असतात. वय चौऱ्याऐंशी. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणते.

तन्मणी आत्यांच्या आईचा. मोत्यांचे तीन सर आणि मधे खोड. तन्मणीच्या मधल्या जडावाच्या तुकड्याला खोड म्हणतात, हे अलीकडच्या मुलींना सांगावं लागतं. आमच्या खोडात मधे बोराएवढा लांबट पाचू आहे आणि भोवती बारीक माणकं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा आत्यांनी तो डब्यातून काढला. "हा हिच्या गळ्यात घालायचा, मग मी मोकळी," म्हणाल्या. काढून पाहिला तर सरांचा दोरा कुजलेला, कधीतरी तुटला तेव्हा हरवलेल्या तीन मोत्यांच्या जागा गाठ मारून झाकलेल्या, पाचूच्या एका कडेला टवका, आणि सगळा पाचू असा काळपट की शेवाळलेल्या विहिरीचं पाणी.

दुरुस्तीसाठी आम्ही तो एका दुकानात दाखवला. नाव नको, आणि त्यांनी वाईट वागवलं असंही नाही. त्यांनी भिंगातून अर्धं मिनिट पाहिलं आणि सांगितलं, खडा मेलाय. पुन्हा घासून पैलू पाडून घ्या, टवकाही जाईल आणि चमकही येईल. खोड जुनाट आहे, मोडून नवं करा. मोती सगळेच बदला, कल्चरचे एकसारखे मिळतात. चार दिवसांत नवाकोरा करून देतो.

आत्यांनी तन्मणी रुमालात परत बांधला. "नवाकोराच हवा असता तर दुकानात पुष्कळ टांगलेत," एवढंच बोलल्या.

पण घरी आल्यावर माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. पुन्हा पैलू पाडायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

आपण मराठीत माणसालाही पैलू असतात म्हणतो, आणि पैलू वाढले म्हणजे माणूस वाढला असं समजतो. खड्याचं उलटं आहे. प्रत्येक पैलू म्हणजे काढून टाकलेला भाग. खडा काडीच्या टोकाला लाखेने चिकटवतात आणि फिरत्या चकतीवर बारीक भुकटी लावून एकेका कोनात घासतात. हिरा घासायचा तर भुकटीही हिऱ्याचीच लागते, कारण त्याला घासेल असं दुसरं काही नाही. आज जो गोल हिरा आपण अंगठीत पाहतो त्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. १९१९ साली मार्सेल टोलकोव्स्की यांनी गणित मांडून दाखवलं, की वरच्या आणि खालच्या पैलूंचे कोन ठरावीक ठेवले तर आत गेलेला उजेड खालून निसटत नाही, उलटून डोळ्यांकडे येतो. चमक ती. पण खाणीतला कच्चा हिरा गोल करून असे पैलू पाडेपर्यंत त्याचं साधारण निम्मं वजन भुकटीत जातं.

म्हणजे कारागिराला प्रत्येक वेळी निवड करावी लागते, वजन ठेवायचं की तेज वाढवायचं. जुन्या हिंदुस्थानी कारागिरांचा कल वजन राखण्याकडे असे. खडा जसा सापडला त्या आकाराच्या कलाने घासायचा. युरोपातल्या कारागिरांचा कल तेजाकडे गेला. या दोन नजरांची गाठ पडली तेव्हा काय झालं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. 'नस्सक' नावाचा हिरा म्हणजे आपल्या नाशिकचा हिरा. तो त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता असं सांगतात. पुढे पेशव्यांकडे आला आणि १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा त्याचं वजन सुमारे ९० कॅरट होतं. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा घासला. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी परत घासून घेतला. आज तो ४३.३८ कॅरटचा आहे. कोहिनूरचंही तेच. १८५२ साली लंडनला त्याला नवे पैलू पाडले, तेव्हा आजच्या मापाने १९१ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटवर आला. तेज वाढलं असेल, पण आपल्याकडच्या कारागिरांच्या हातचे जे पैलू होते ते गेले. तो हिरा उद्या परत मिळाला तरी ते पैलू मिळणार नाहीत.

आमचा बोराएवढा पाचू म्हणजे काही कोहिनूर नव्हे. पण न्याय तोच. टवका काढायचा तर नुसता टवका निघत नाही. सगळी कड त्या खोलीपर्यंत घासावी लागते आणि मग बाकीचे पैलूही त्या मापात आणावे लागतात. शिवाय पाचू हट्टी दगड. कठीणपणात तो माणकाच्या खाली आहे, आणि त्याच्या पोटात बहुतेक वेळा बारीक भेगा आणि रेषा असतात. चकतीवर तापला, दाब जास्त पडला, तर त्या भेगेतून दुभंगूही शकतो.

हे सगळं मी जेवताना सांगत होते, आणि पाचूवरून गाडी मोत्यांवर आली. तिथे खरी ठिणगी पडली.

लेक म्हणाली, "आज्जी, खोड मी हौसेने घालीन. मोती नको."

आत्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मोत्यांशिवाय तन्मणी कसला गं? नुसत्या लोंबत्या खोडाला काय म्हणतात ते तरी सांग."

लेकीचं म्हणणं तिने शांतपणे मांडलं. शिंपला म्हणजे द्वींद्रिय जीव. पाठशाळेत तूच शिकवलंस ना आई, शंख, शिंपले, कवड्या, अळ्या, हे सगळे दोन इंद्रियांचे. मग दिवसभर पाणी गाळायचं, रात्री खायचं नाही, आणि लग्नात गळ्यात तीन सर शिंपल्यांचे?

तिला उत्तर द्यायला मी ग्रंथ उघडले, आणि खरं सांगू, वाचता वाचता मीच विचारात पडले. उत्तराध्ययनाच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकायिक जीवांची यादी येते. माती, वाळू, लोखंड, तांबं, आणि त्यातच हिरा, स्फटिक, मरकत, इंद्रनील, वैडूर्य. मरकत म्हणजे आपला पाचू. म्हणजे जमिनीच्या पोटात असतो तोवर पाचूही जीवच, एका इंद्रियाचा. जीवविचारातही पृथ्वीकायाच्या यादीत स्फटिक, मणी, रत्न आणि पोवळंसुद्धा आलं आहे. खाणीतून सुटला, हत्यार लागलं, की तो अचित्त झाला, निर्जीव झाला. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत फोडीकर्म आहे, म्हणजे जमीन फोडून, खणून पोट भरणं. लाखेचा व्यापारही त्याच यादीत आहे, कारण लाख किड्यांपासून होते. आणि जडावाच्या पोकळ दागिन्यात आत भरतात ती लाखच.

म्हणजे ज्या दागिन्यात फक्त मोतीच सदोष आणि बाकी सगळं शुद्ध, असा दागिना मुळी नाहीच. पण सगळंच सारखं, असंही आपले आचार्य म्हणत नाहीत. एक इंद्रियाचा जीव आणि दोन इंद्रियांचा जीव यात ते फरक करतात. श्रावकाला स्थावर जीवांची हिंसा अगदी टळत नाही, म्हणून तिथे मर्यादा घालायची. त्रस जीवांची जाणूनबुजून हिंसा मात्र टाळायचीच. शिंपला त्रसांत येतो. लेकीचं बोट बरोबर जागेवर होतं.

आणि हे कल्चरचे मोती? त्यात जीवहिंसा नाही असं मला पुष्कळ जणींनी सांगितलं आहे. म्हणून ते कसे होतात ते नीट समजून घेतलं. १८९३ साली जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात माणसाच्या हाताने पहिला अर्धगोल मोती तयार करून दाखवला. आज गोल मोत्यासाठी शिंपला फाकवून त्याच्या अंगात शिंपलीचाच एक घोटीव मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा बारीक तुकडा खुपसतात. तो तुकडा ज्याचा कापला तो शिंपला तर गेलाच. पुढे महिनोन् महिने, काही जातींत दोन-तीन वर्षं तो पाण्यात ठेवतात, मण्यावर थर चढतात, आणि मोती काढताना जपानी अकोया जातीचा शिंपला मरतो. काही जातींत तोच शिंपला पुन्हा वापरतात, पण शेवट बहुतेकांचा तोच. जुने समुद्री मोतीही काही पुण्यवान नव्हते. एक बरा मोती मिळावा म्हणून आखातात पाणबुडे शिंपल्यांचे ढीगच्या ढीग फोडत असत.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "या मोत्यांचे जीव माझ्या आईच्या जन्माआधीच गेले. तू ते घातले नाहीस, फेकून दिलेस, तर परत येणार आहेत का?"

लेक म्हणाली, "नाही येणार. पण तीन नवे घेतले तर तीन नवे जातील."

मैत्रिणींनो, त्या दोघी एकमेकींना हरवायला निघाल्या होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की दोघींचं बोलणं एकमेकांच्या आड येतच नाही. कृत, कारित, अनुमोदना आपण रोज म्हणतो. स्वतः केलं, करवलं, केलेल्याला बरं म्हटलं. नवे तीन मोती विकत घेणं हे करवणं. आईच्या हातचे जुने मोती जपून ठेवणं हे करवणं नाही. अनुमोदना होते का, यावर लेक अजूनही माझ्याशी वाद घालते, आणि तिला तो घालू दे. पण निदान नवे घ्यायचे नाहीत, यावर त्या रात्री आम्हा तिघींचं एकमत झालं. मग त्या तीन जागांचं काय करायचं?

इथे आमचं माकुणसार कामाला आलं.

आमच्या या किनाऱ्याच्या पट्ट्यात, विशेषतः चिंचणीकडे, दागिन्यांच्या डाय करणारे कारागीर घरोघर भेटतात. तुम्ही झवेरी बाजारात घेतलेल्या कानातल्याचं नक्षीकाम कदाचित आमच्या इथल्या एखाद्या पडवीत जन्मलेलं असेल. डाय म्हणजे पोलादी ठोकळ्यात उलटी कोरलेली नक्षी. जिथे दागिना उंच हवा तिथे पोलादात खोल जायचं. डोळ्याला भिंग, हातात बारीक कोरणी, आणि सुपारीएवढ्या पानाफुलासाठी दिवसच्या दिवस. कोरून झालं की ठोकळा भट्टीत लाल करून तेलात बुडवायचा. त्याला पाणी देणं म्हणतात. मला हा शब्द फार आवडला. पोलादालाही पाणी आणि मोत्यालाही पाणीच. मग त्या डायवर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी उठते. आता यंत्रावर, संगणकावरून डाय कोरून मिळते, त्यामुळे हाताने कोरणाऱ्यांना काम कमी झालं आहे.

आमच्या शेजारचे भाऊ हेच काम करतात. त्यांना तन्मणी दाखवला. ते म्हणाले, "वहिनी, खड्यातलं मला कळत नाही, ते जडाववाल्याला दाखवा. पण मण्यांचं म्हणाल तर सोन्याचा मणी दोन अर्ध्या वाट्या ठोकून जोडलेला असतो. माझ्याकडे खरबुजी मण्याची जुनी डाय आहे, मोत्याच्याच मापाची." त्यांनी ती काढून दाखवली. नखाएवढी वाटी, तिच्यात कळ्या कोरलेल्या. त्यांच्या वडिलांच्या हातची.

आत्यांनी ती डाय तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पाहत राहिल्या. बोलल्या काही नाहीत, पण नकोही म्हणाल्या नाहीत. आमच्या घरात त्याचा अर्थ होकार.

खोडासाठी मात्र मुंबई गाठावी लागली. सफाळ्याहून लोकल पकडली, आणि ओळखीतून मिळालेल्या पत्त्यावर झवेरी बाजारामागच्या एका माळ्यावर पोचले. कारागीर जयपूरचे, वय सत्तरीचं. वडील खडे घासायचे, हे जडाव करतात. त्यांनी भिंगातून अर्धं मिनिट नाही, निदान दहा मिनिटं पाहिलं. खोड उलटं केलं, कडेने पाहिलं, उजेडात तिरपं धरलं. मग विचारलं, तुम्ही समुद्राजवळ राहता का?

मी चकित झाले. त्यांनी सांगितलं ते असं. या खोडाला कुंदनाचं काम आहे. खडा मागून बंद घरात बसवलेला आहे, त्याच्या पाठीला चांदीचा पातळ वर्ख आहे, आणि भोवती शुद्ध सोन्याची पट्टी नुसती दाबून बसवली आहे. शुद्ध सोनं इतकं मऊ असतं की त्याला आच लागत नाही, दाबानेच ते स्वतःशी चिकटतं. उजेड खड्यातून जाऊन त्या वर्खावरून परततो, म्हणून खडा झळकतो. वर्षानुवर्षं दमट हवा आणि घाम आत गेला, की वर्ख काळा पडतो. खड्याला काही झालेलं नाही. तुम्ही इतकी वर्षं त्याच्या पाठीचा काळोख पाहताय.

"खडा मेलाय" म्हणतात तो हा!

टवक्याचं विचारलं. ते म्हणाले, कडेचा आहे, पोटात उतरलेला नाही. घासायची गरज नाही. खडा उचलून थोडा फिरवून बसवू, कुंदनाची कड टवक्यावरून येईल. दिसणार नाही, आणि सोन्याचा आधार असल्यामुळे वाढणारही नाही. मग हसून म्हणाले, घासून दिला असता तर मला जास्त पैसे मिळाले असते, पण घासलेलं परत चिकटवता येत नाही.

मी त्यांचं काम तासभर बसून पाहिलं. कोरणीने सोन्याची पट्टी उकलली, पाचू उचलला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. कागदावर हिरवा उजेड पडला. साठ वर्षं आत्यांनी वापरलेल्या दागिन्यात हा उजेड होता आणि आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत मला आपलेच जुने लोक आठवत होते. या विद्येशी आपल्या समाजाचं नातं फार जुनं. ठक्कुर फेरू नावाचे श्रीमाळ जैन दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यावर कामाला होते. तिथली रत्नं डोळ्यांनी पाहून त्यांनी १३१५ साली प्राकृतात 'रयणपरिक्खा' लिहिली. खड्याचा रंग, दोष, वजन, किंमत, सगळं त्यात आहे. आणि ज्यांचं समयसार नाटक आपण वाचतो, ते कविवर बनारसीदास जवाहिऱ्याच्या घरातले. त्यांनी १६४१ साली 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात स्वतःचं सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. तरुणपणी आग्र्याला जवाहीर विकायला गेले, तेव्हा नाडीत बांधलेली काही रत्नं गळून गेली आणि काही माणकं उंदरांनी पळवली. पुढे पालनपूरच्या आपल्या लोकांनी हिऱ्यांचा व्यापार अँटवर्पपर्यंत नेला. पारख आपल्याकडे होती. ती घरातल्या बायकांपर्यंत मात्र फारशी आली नाही, आणि डबा तर आपल्याच ताब्यात असतो.

म्हणून आता थोडं उपयोगाचं.

दागिना मागून बंद असेल, कुंदनाचा किंवा जडावाचा असेल, तर तो पाण्यात कधीही बुडवू नका. साबण, रिठ्याचं पाणी, काही नको. पाणी आत शिरलं की वर्ख गेला. मऊ कोरड्या कापडाने टिपा. आत लाख भरलेली असेल तर उन्हात, चुलीजवळ ठेवू नका.

पाचूला तेल मुरवायची जुनी पद्धत आहे, भेगा दिसू नयेत म्हणून. गरम पाणी किंवा दुकानातलं थरथरणारं यंत्र लागलं तर ते तेल निघतं आणि भेगा उघड्या पडतात. सोनाराला आधीच सांगा, यात पाचू आहे, यंत्रात घालू नका.

मोती सगळ्यांत नाजूक. अत्तर, घाम, लिंबाचा हात, सगळ्याचा त्यांना त्रास. साडी, गजरा, अत्तर झाल्यावर सर्वांत शेवटी घालायचे आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढायचे. दोरा मळला किंवा सैल झाला की पटवेकऱ्याकडून पुन्हा ओवून घ्या, आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायला सांगा. म्हणजे तुटला तरी एकच निसटतो.

सगळे दागिने एका डब्यात एकमेकांवर टाकू नका. हिरा माणकाला ओरखडतो, माणिक पाचूला, आणि मोत्याला तर सगळेच. आपल्या धुळीत वाळूचे कण असतात, तेही मोत्याहून कठीण. म्हणून धूळ आधी फुंकर मारून उडवायची, मग पुसायचं. प्रत्येकाला वेगळी मऊ पुरचुंडी.

आणि कोणी "पुन्हा घासून घ्या" म्हणालं, तर एक प्रश्न जरूर विचारा: न घासता काय करता येईल? याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याकडे दागिना ठेवून येऊ नका.

आमचा तन्मणी मार्गशीर्षात लेकीच्या गळ्यात पडला. जुने मोती, त्यांच्यामधे तीन सोन्याचे मणी, तीन सरांत एकेक. गाठी मारणाऱ्या पटवेकऱ्यांनी ते अशा अंतराने ओवले की मुद्दाम तसंच केलंय असं वाटतं. लग्नात दोघी-तिघींनी आत्यांना विचारलंही, ही कुठली नवी पद्धत? आत्या ऐटीत म्हणाल्या, "आमच्या घरची." लेकीने तन्मणी घातला, पण बाकी सगळ्या खरेदीत एकही मोती घेऊ दिला नाही. नथसुद्धा खड्यांची. त्यावर आत्या तिला काही बोलल्या नाहीत.

दागिना परत डब्यात ठेवताना मी त्यात एक चिठ्ठी घातली. आपण भिशीचा हिशेब लिहितो, उपवासांचा हिशेब लिहितो, मग हे का नाही लिहायचं? तुम्हीही एकेका दागिन्यासाठी अशी चिठ्ठी करा. माझी इथे देते, नमुना म्हणून:

"तन्मणी. आज्जींच्या आईचा. मधला पाचू, मागे चांदीचा वर्ख, नवा घातला आहे. पाण्यात घालू नये. पाचूच्या कडेला टवका आहे, तो डाव्या बाजूच्या सोन्याखाली आहे. घासू नये. मोती जुने आहेत, नवे घालू नयेत. आणखी हरवले तर सोन्याचे मणी करावेत, डाय शेजारच्या भाऊंकडे आहे."